तात्पर्याचा एक गुण

आमच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये कथा शिकवत नाहीत, कथेची खांडोळी करतात. पानभर गोष्ट, खाली दहा रिकाम्या जागा आणि शेवटी एका गुणाचा प्रश्न: तात्पर्य काय? चार पर्याय. ही अक्कल आमच्या संचालकांची. त्यांनी स्वतः शेवटची गोष्ट कधी वाचली देव जाणे, पण 'साहित्यातून भाषा' अशी पाटी मात्र दारावर दिमाखात लावलीय.

मी शिकवते त्या वर्गात वयाने सगळ्यांत मोठ्या विद्यार्थिनी म्हणजे मावशी; सगळे त्यांना मावशीच म्हणतात. शिवणकाम करतात. लेक परदेशात, तिचं पहिलंच बाळंतपण दोन महिन्यांवर आलेलं. इंग्रजीच्या प्रमाणपत्राशिवाय तिकडे जायची परवानगी मिळत नाही, म्हणून या वयात क्रियापदं घोकत होत्या.

परीक्षेत आलेली गोष्ट अशी: कडाक्याच्या थंडीत एक आई बाकावर कुणीतरी विसरलेला कोट उचलते, घरी नेऊन बाह्या आत दुमडून टाके घालते आणि मुलाच्या अंगावर चढवते. संपली. 'चोरी करू नये' हे म्हणे बरोबर उत्तर! मावशींनी एकाही पर्यायावर खूण केली नव्हती. खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: 'तिने बाह्या कापल्या नाहीत. मूल वाढेल तशा उसवणार. दुसरा कोट मिळणार नाही, हे तिला ठाऊक आहे.'

बारा वर्षं शिकवतेय मी. असं वाचणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. आणि नेमक्या त्या एका गुणाने मावशी नापास.

मी तो पेपर घेऊन संचालकांकडे गेले. त्यांनी दात कोरत नजर फिरवली. "छान लिहिलंय हो. पण खूण कुठाय?"

"सर, त्यांना गोष्ट कळलीय. तुम्हाआम्हाला कळली नव्हती इतकी."

"मग कळलेलं घरी ठेवा म्हणावं. आठवड्याने फेरपरीक्षा आहे, तेवढी तयारी करून घ्या."

मला त्या माणसाची शिसारी आली. पण राजीनामा तोंडावर फेकायची धमक माझ्यात नव्हती आणि मावशींकडे वेळ नव्हता. सहा दिवस त्यांना समोर बसवून एकच घोटून घेतलं: उपदेश दिसेल त्या पर्यायावर डोळे मिटून खूण करा, डोकं चालवू नका.

"पण मॅडम, गोष्टीत तसं नाहीये," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या.

"गोष्ट गेली खड्ड्यात!" मी खेकसले. त्यांनी मान डोलावली आणि उपदेशाच्या पर्यायावर खूण केली. पुन्हा काही विचारलं नाही.

फेरपरीक्षेत मावशी पास झाल्या. तात्पर्याचा गुणही मिळाला. निकाल कळताच धावत आल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्यामुळे जमलं बघा, मॅडम! या वेळी गोष्ट वाचलीच नाही मी. रिकाम्या जागा भरल्या आणि सरळ पर्याय बघितले."

"कशाबद्दल होती गोष्ट?"

"कुणास ठाऊक!" त्या खळखळून हसल्या.

"शाब्बास," मी म्हणाले. संचालकांची आली नव्हती इतकी शिसारी मला त्या क्षणी माझी आली.