एकाच क्रमांकाची दोन यंत्रं

"सकाळपासून वायर काढतेयस नि लावतेयस. पूजा मांडलीस काय?" सुजितसर दारातूनच म्हणाले. "उद्या ऑडिट आहे, अर्चना."

अर्चनाने मान वर केली नाही. तारापूरच्या या औषध कारखान्याच्या लॅबमध्ये आजवर कोणीतरी वजन मोठ्याने सांगे आणि भगवंतकाका ते टाइप करत. तीन वर्षांपूर्वी ॲसिड उडून त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून हेच त्यांचं काम. कीबोर्डपुढच्या ब्रेल पट्टीवर अक्षरांचे ठिपके उठत. टाइप केलेलं काका बोटांनी तपासून घेत. पण ऑडिटवाल्यांना तोंडी वजन चालत नव्हतं. बॅलन्स, म्हणजे लॅबमधला वजनकाटा, थेट कॉम्प्युटरला जोडायचा होता.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स सिस्टिम होती. यूएसबी केबल लावली की बॅलन्स दिसे आणि दुसऱ्याच क्षणी नाहीसा होई. तिने केबल बदलली, पोर्ट बदललं, परवानग्या तपासल्या. शेवटी सिस्टिमच्या नोंदी ओळीओळीने वाचल्या. जोडलं. तुटलं. मधल्या ओळीत एका प्रोग्रॅमचं नाव होतं. काकांची पट्टी चालवणारा तोच.

"सापडलं?" शेजारून काकांनी विचारलं.

"काका, तुमच्या पट्टीत नि या केबलमध्ये एकच चिप हाय. नंबरपण तोच. कॉम्प्युटरला वाटतं, दुसरी पट्टीच लावली. मग तुमचा प्रोग्रॅम बॅलन्सला धरून बसतो, सोडत नाय."

"जुळी भावंडं की गं!" काका हसले. "मग?"

"वेगळ्या चिपची केबल मागवली तर दोन्ही चालतील. चार दिवस लागतील."

"चार दिवस?" सुजितसर म्हणाले. "प्रोग्रॅम काढून टाक."

अर्चनाचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"काढ, पोरी," काका म्हणाले. "वजन आता बॅलन्सच लिहिणार. मला वाचायला उरलंय काय?"

तिने एक ओळ टाइप केली. नक्की काढायचा का, असं मशीनने विचारलं. तिने हो म्हटलं. काकांच्या बोटांखालचे ठिपके एकदम बसले. केबल पुन्हा लावली. पडद्यावर वजन आलं आणि टिकलं. सुजितसर पडद्याचा फोटो काढून निघून गेले. अर्चनाला काहीच वाटलं नाही. डबा खायचा राहिलाय, एवढंच लक्षात आलं.

काकांनी पट्टीची वायर गुंडाळली, तिला रबर लावलं. उठून त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली. पावणेतीन वाजले होते.

"सालवडची बस सहाला," ते म्हणाले. "तोवर मी कुठं बसू, अर्चना?"