दाराआडचा आकडा

एखादा कण सापळ्यात अडकतो, थोडा वेळ थांबतो आणि भिंतीतून निसटतो. थांबला असेल तेवढ्यापुरती त्याची एक ऊर्जा असते, आणि ती शोधून काढण्यात मॅडमचं आणि त्यांच्या नवऱ्याचं आयुष्य गेलं. असल्या क्षणभर टिकणाऱ्या गोष्टीपायी दोन शहाणीसुरती माणसं जन्मभर भांडली, यावर लोकांचा विश्वास बसत नसे. पण भांडली, आणि मजेत भांडली.

घरात दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर. मॅडम कणाला गणितातल्या एका पेटीत ठेवत आणि पेटी लहान-मोठी करून बघत. बाकीचे आकडे पेटीबरोबर सरकतात, खरा जागचा हलत नाही. नवऱ्याची रीत वेगळी. तो अंतर मोजण्याची रेघच काल्पनिक संख्यांच्या दिशेला वळवी आणि कोन बदलूनही जो आकडा हलेना, तो धरी. नियम एकच होता. उत्तर हाती येईपर्यंत दोन्ही दारं बंद, दोन्ही तोंडं बंद. मग चहाच्या टेबलाशी बसून "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि आपापला आकडा एकदम बोलायचा. जुळला तर छापायला पाठवायचा. नाही जुळला तर आठवडाभर एकमेकांची अक्कल काढायची.

नवरा गेला तेव्हा शेवटचं गणित अर्धवट राहिलं. मॅडमनी आपला आकडा काढला. मग त्याच्या खोलीत जाऊन त्याचा प्रोग्रॅमही त्यांनीच चालवला. आकडा तंतोतंत जुळला. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, की कोन बदलला की आकडा जरासा हलत होता, आणि जिथे आपल्याला हवा तो आला तिथेच आपण थांबलो. स्वतःशीच संगनमत, दुसरं काय!

"आई, तपासायला कॉम्प्युटर आहे ना?" मुलगी फोनवर म्हणाली. ती दातांची डॉक्टर.

"तू स्वतःची दाढ स्वतः काढतेस का?"

मुलगी हसली, "जेवलीस का?" विचारलं आणि फोन ठेवला.

घर खायला उठे. दोन्ही दारं सताड उघडी असत, लपवायचं कोणापासून? मॅडमना फार एकटं वाटत होतं, आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. 'तू चुकलीस' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. हे गणित आता सोडून द्यावं, आणि त्याबरोबर सगळंच, असं त्यांच्या मनानं घेतलं.

तरी एक माणूस होता. दोघांचाही कॉलेजातला वर्गमित्र. तो पेटीच्या कडेला कणाच्या लाटा शोषून घेणारा थर लावून गणित करी, म्हणून नवऱ्यानं त्याचं नाव 'स्पंज' पाडलं होतं. ते भर सभेत म्हटलं, तेव्हापासून त्यानं या घराचं तोंड पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. एका रविवारी दुपारी मॅडमनी राग गिळला आणि त्याला फोन लावला.

"एक गणित आहे. माझा आकडा सांगणार नाही. करशील?"

तो म्हणाला, "स्पंज लावूनच करीन हां."

"लाव बाबा, लाव."

पुढच्या रविवारी त्याचाच फोन आला. मॅडम चहाच्या टेबलाशी जाऊन बसल्या. एक, दोन, तीन. दोघं एकदम बोलले. दशांशानंतरच्या तिसऱ्याच अंकाला गाडी अडली.

"तुझा थर फार आत आलाय!" मॅडम म्हणाल्या. "कण अजून सापळ्यातच आहे आणि तू त्याला पुसून टाकतोयस!"

"आणि तुझी पेटी? काडेपेटी आहे ती! वाढव जरा, मग बोल."

"मला शिकवतोस? इतकी वर्षं झाली तरी अक्कल म्हणून नाही आली तुला!"

मॅडम थबकल्या. आपला आवाज दोन्ही खोल्यांतून घुमतोय, हे त्यांना तेव्हा कळलं.

"तोही असाच ओरडायचा," तो हळूच म्हणाला. "मी यायला हवं होतं गं."

"हो. यायला हवं होतंस." मॅडमनी डोळे पुसले. "थर मागे घे. मी पेटी वाढवते. आणि पुढच्या रविवारपर्यंत आकडा सांगायचा नाही."

"तूसुद्धा नाही."

फोन ठेवून मॅडम आपल्या खोलीत गेल्या आणि कॉम्प्युटर सुरू केला. मग उठल्या आणि दार लावून घेतलं.