अनुष्काच्या वजनाचे दगड

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि दिल्लीत राहते. समुद्र इथून इतका लांब आहे की त्याची बातमीसुद्धा शिळी होऊन येते. हसून झालं असेल तर पुढे सांगते. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

माझा जन्म नाशिककडच्या एका शेडमध्ये झाला. लाकडी साच्यावर फायबरचे थर चढवून मला घडवलं. लांबी अकरा फूट, बसायला तीन फळ्या, पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक सात. त्या तीन फळ्या म्हणजे खरं तर तीन बंद पेट्या आणि त्यांच्या पोटात फोम. होडीत पाणी भरलं तरी त्या फोममुळे ती तळाला जात नाही. बुडत्या माणसांना धरायला काहीतरी वर उरतं. फायबर स्वतः तरंगत नाही, मित्रांनो. मी हे स्वतःबद्दल सांगते आहे, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

माझं काम धरणांची खोली मोजण्याचं. माझ्यावर दोन माणसं असत: नुकतेच नोकरीला लागलेले इंजिनिअर भालचंद्र, आणि दामू खलाशी. भालचंद्रांकडे पदवी होती. दामूकडे एक खोड होती. दर वर्षी पावसाळा सरला की तो मला काठाशी न्यायचा, दोरीनं बांधायचा, तळाचं बूच काढायचा आणि मला मुद्दाम पाण्यानं भरायचा. मग फळीवर माणसाच्या वजनाचे दगड रचून काठावर बिडी ओढत तासभर बसायचा. मी वर राहिले, तरच तो कोणाला माझ्यावर पाय ठेवू द्यायचा.

"साहेब, काठाला बुडली तर लाज. मधोमध बुडली तर सुतक," तो म्हणायचा. ऑफिसात याला 'दामूची थेरं' म्हणत. त्या तासाची नोंद वेळेचा अपव्यय अशी होई.

एका दुपारी धरणाच्या मध्यावर वावटळ आली आणि मी काठोकाठ भरले. दोघं पाण्यात पडले. मी बुडाले नाही. अर्धा तास ते माझी कड धरून लोंबकळत होते. भालचंद्रांच्या नखांचे ओरखडे अजून माझ्या डाव्या कडेवर आहेत. त्या दिवशी वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. पेट्यांच्या आत काय आहे, हे मात्र कोणीही विचारलं नाही. वाचलेला माणूस सहसा विचारत नाही.

पुढे मला दिल्लीला पाठवलं, नवी यंत्रं आली, आणि मी एका गोदामामागे उलटी पडून राहिले. माझ्या पाठीवर कुत्री झोपत. शेवटी भंगाराच्या लिलावात मला भालचंद्रांनी घेतलं. आता ते मोठे साहेब झाले होते. लक्ष्मीबाई नगरात त्यांचं तळमजल्याचं जुनं सरकारी क्वार्टर होतं. त्याच्या मागच्या अंगणात मी तुळशीशेजारी राहिले. माझ्या पोटात प्रभाताईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, चार वर्षं पुदिना लावला. त्या काळाबद्दल माझी तक्रार नाही. पुदिना चांगला आला.

यंदा साहेबांची निवृत्ती आली. क्वार्टर सोडायचं ठरलं. गुणवंतराव नावाच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची गुरुग्रामच्या पलीकडे शेती आहे आणि शेतात तळं. साहेबांनी जाहीर केलं की होडी दुरुस्त करून तिथे सोडायची आणि पहिली फेरी नातीला द्यायची. नात म्हणजे अनुष्का. वय नऊ. गुरुग्रामच्या एका टॉवरच्या विसाव्या मजल्यावर राहते आणि तिला पोहता येत नाही.

साहेबांनी माझ्या पेट्या कापून उघडल्या. आतला फोम काळा पडला होता आणि पिळल्यावर त्यातून पाणी निथळत होतं. माझ्या अंगाला वर्षानुवर्षं तडे गेले होते, त्यांतून तो भिजत राहिला होता. नवीन फोम घालणं भाग होतं.

आता साहेबांच्या घराची रीत सांगायला हवी. या घरात प्रेशर कुकरसुद्धा तीन कोटेशनं मागवून घेतलेला आहे. आधी कसा माल हवा ते कागदावर लिहायचं, मग तीन दर मागवायचे, आणि कागदात बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हिशेब तपासनिसांचा एकही आक्षेप साहेबांवर आला नव्हता, तो यामुळेच.

फोमसाठी साहेबांनी लिहिलं: 'फोम, उत्तम दर्जाचा, नवा, पांढरा अथवा पिवळा.' रंगाचा उल्लेख झाला. तो पाणी पितो की नाही, हे लिहायचं राहिलं.

रविवारी अंगणातच समितीची बैठक भरली. अध्यक्ष साहेब. सदस्य प्रभाताई, कारण चहा त्यांनाच करायचा होता. सचिव शेजारचे परीक्षित, कोणत्याशा मंत्रालयात हिशेब विभागात काम करणारे. ते सुट्टीच्या दिवशीही शर्टाच्या खिशात दोन रंगांची पेनं ठेवत.

पहिला नमुना थर्मोकोलचा. साहेबांनी त्यावर फायबर चिकटवायच्या रेझिनचा एक थेंब टाकला. थर्मोकोल बत्ताशासारखा विरघळला. बाद. दुसरा नमुना होडीवालेच वापरतात त्या फोमचा: पाटीसारखा कडक, आत बारीक बारीक बंद कप्पे, पाणी आत शिरायला वाटच नाही. त्याचा दर सर्वांत जास्त होता. तिसरा पानिपतहून आलेला, मऊ, पिवळा, बोट दाबलं की हळूच वर येणारा.

"साहेब, उरलेले दोन्ही कागदात बसतात," परीक्षित म्हणाले. "मग पानिपतवाला. बिल्कुल क्लिअर केस आहे."

प्रभाताईंनी तो तुकडा हातात घेऊन दाबला. "अहो, हा गादीचा फोम आहे. भांडी घासायच्या स्पंजचा थोरला भाऊ."

"वहिनी, भाऊ असो नाहीतर साडू, दर कमी आहे."

"भावजी, तुम्ही त्यावर झोपणार असाल तर माझी ना नाही. पोर त्यावर तरंगणार आहे."

"अगं प्रभा, फोम म्हणजे फोम," साहेब म्हणाले. "मी स्वतः अर्धा तास याच होडीला लटकून वाचलोय. मला शिकवू नकोस."

प्रभाताईंनी नळाखालची निळी बादली भरली आणि तुकडा आत टाकला. तो तरंगला. अगदी ऐटीत तरंगला. कोरडा स्पंजही पहिली दोन मिनिटं तरंगतो, मित्रांनो, पण समितीनं दोनच मिनिटं पाहिलं. परीक्षितांनी लिहिलं, 'चाचणी समाधानकारक.' मग बादलीला एक चिठ्ठी चिकटवली: 'नमुना. हलवू नये.'

मी ओरडू शकत नाही. मला वल्ही होती, तोंड नव्हतं.

त्या आठवड्यात पिवळा फोम कापून माझ्या तिन्ही पेट्यांत ठासला गेला. वरून फायबर चढलं, आकाशी रंग लागला; पेट्यांच्या बाजूचे जुने तडे रंगाखाली तसेच राहिले. येणारेजाणारे म्हणत, "वा, अगदी नवी दिसते!" माझं लक्ष मात्र बादलीकडे होतं. ती माझ्यापासून तीन हातांवर होती. चिठ्ठी सरकारी अक्षरात असल्यामुळे घरातल्या कोणीही तिला हात लावला नाही. सामान बांधणाऱ्यांनी वळसा घातला, कामवाल्या बाईनं शेजारून नळी आणली.

तिसऱ्या दिवशी तुकड्याचा एक कोपरा पाण्याखाली गेला. पाचव्या दिवशी तो पाण्याच्या पातळीला आला, जणू बादलीला पिवळं झाकण. आठव्या दिवशी सकाळी तो दिसलाच नाही. मला वाटलं कोणी काढला. ऊन वर आल्यावर दिसलं. तो तळाशी बसला होता.

अजून जवळजवळ आठवडा बाकी होता. अंगणातून दिवसातून वीस वेळा माणसं जात. एकानंही वाकून पाहिलं नाही.

ठरलेल्या रविवारी सकाळी टेम्पो आला. मला उचलून वर चढवलं. होडीतलं पाणी उपसायला काहीतरी लागेल म्हणून प्रभाताई ती बादली घ्यायला वळल्या आणि थांबल्या. त्यांनी बाही वर केली, तळातून तुकडा काढला आणि तसाच निथळत साहेबांसमोर धरला.

"बुडालाय."

साहेबांनी पाहिलं. परीक्षितांनी पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे पाहिलं.

"हा उघडा होता," साहेब म्हणाले. "होडीतला बंद पेटीत आहे. दोन्हींची तुलना होत नाही."

"आधीचाही बंद पेटीतच होता. तुम्हीच पिळलात तो."

"प्रभा, तिकडे पंधरा माणसं जेवायला आली आहेत. आता ऐन वेळी..."

"अंकल, चलो यार," टेम्पोवाला म्हणाला. "देर हुई तो नो एंट्री लग जाएगी."

आणि आम्ही निघालो. माणसांना बुडवण्याचे बेत नेहमी असेच निघतात, मित्रांनो. वाईट हेतूनं क्वचितच, उशीर होऊ नये म्हणून जास्त. रिंग रोडवर गाड्यांतली मुलं माझ्याकडे पाहून हात हलवत होती. माझ्या तीनही पेट्यांत तीन गाद्या होत्या आणि मला ते माहीत होतं.

गुणवंतरावांचं तळं म्हणजे वीटभट्टीसाठी माती काढून काढून झालेला खड्डा. काठाच्या पायऱ्यांपाशी छातीभर पाणी, मध्ये दोन पुरुष खोल. पाण्याचा रंग चहाचा. लाइफ जॅकेटं दोन निघाली, दोन्ही मोठ्या माणसांची, त्यातल्या एकाची पट्टी तुटकी.

"दस मिनट की तो बात है," गुणवंतरावांचा माळी म्हणाला.

मला पाण्यात सोडलं. मित्रांनो, किती वर्षांनी! लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मी सगळं विसरले. मी छान तरंगत होते. पाणी आत शिरेपर्यंत कोणतीही होडी छानच तरंगते.

अनुष्का उडी मारून आली आणि मधल्या फळीवर बसली. "आजोबा, 'वल्हं' मतलब पॅडल ना? मी चालवू?"

साहेब एक पाय माझ्यात ठेवून म्हणाले, "प्रभा, दोरी सोड."

माझी दोरी प्रभाताईंच्या हातात होती. त्या साडीसकट गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी दोरीला मनगटाभोवती एक वेढा दिला.

"नाही सोडणार."

"लोक बघताहेत."

"बघू देत. अहो, लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही मला रोज एकाच माणसाच्या गोष्टी सांगायचात. दामू काय म्हणायचा?"

साहेबांनी माझ्यातला पाय तसाच ठेवून काठाकडे पाहिलं.

"काठाला बुडली तर लाज," प्रभाताई म्हणाल्या. "पुढचं तुम्ही म्हणा. नातीसमोर म्हणा."

काठावर जेवायला आलेली पंधरा माणसं होती, त्यांत साहेबांच्या हाताखालचे सहा. साहेबांचा हात माझ्या डाव्या कडेवर होता, अगदी त्याच जुन्या ओरखड्यांवर. ते त्यांच्या बोटांना जाणवले की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पुढचं म्हटलं नाही. त्यांनी अनुष्काला उचलून पायरीवर ठेवलं.

मग गुणवंतरावांच्या गोठ्यातल्या वजनकाट्यावर तिला उभं केलं. अठ्ठावीस किलो. साहेबांनी तेवढे दगड मोजून आणले आणि स्वतःच्या हातानं मधल्या फळीवर रचले.

"ये मैं हूँ?" अनुष्कानं विचारलं.

"हो. ही तू."

दोरी खुंटीला एक वेढा देऊन साहेबांनी हातात घेतली आणि माझं बूच काढलं.

पाणी आलं. मी कडेपर्यंत भरले आणि थांबले. वर राहिले! परीक्षितांनी पेन काढलं. "साहेब, तरंगतेय! म्हणजे चाचणी समा..."

"भावजी," प्रभाताई म्हणाल्या, "दामू तासभर बसायचा."

सगळे बसले. पुऱ्या थंड झाल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझ्या फळ्यांखालून बुडबुडे येऊ लागले, आधी एकेक, मग रांगेनं. आतल्या गाद्या पीत होत्या. मी जीव एकवटून वर राहायचा प्रयत्न केला, आणि मग मनात आलं, कशासाठी? आज वर राहिले तर उद्या त्या दगडांच्या जागी ती बसेल.

चौतिसाव्या मिनिटाला माझं नाक खाली गेलं. पाणी मधल्या फळीवरून सरकलं, दगडांच्या घोट्याला आलं, मग छातीला, मग वरून मिटलं. चहाच्या रंगाच्या त्या पाण्यात दगड दिसेनासे झाले. मी तळाला टेकले. तिथून मला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. फक्त दोरी थरथरत होती, आणि तिचं दुसरं टोक साहेबांच्या हातात होतं.

मला बाहेर काढायला आठ माणसं लागली. त्या दिवशी फेरी झाली नाही, जेवण झालं. परीक्षितांनी पेन खिशात परत ठेवलं, पण आधी 'दोष पुरवठादाराचा' अशी एक ओळ लिहून ती साहेबांपुढे धरली. साहेबांनी ती खोडली आणि स्वतः लिहिलं, 'काय हवं ते लिहिण्यात माझी चूक.' खाली सही. त्यांच्या छत्तीस वर्षांतला हा पहिला आक्षेप, आणि तो त्यांनीच घेतलेला.

आता माझ्या पेट्यांत पाटीसारखा कडक फोम आहे. घालण्याआधी तो महिनाभर निळ्या बादलीत होता. चिठ्ठीवर या वेळी प्रभाताईंचं अक्षर होतं: 'रोज वाकून बघावे.' मग मला पुन्हा काठाला बुडवलं, दगडांसकट, पूर्ण एक तास. मी वर राहिले. त्यानंतरच अनुष्का आली, तिच्या मापाचं नवं जॅकेट घालून. मधल्या फळीवर बसण्याआधी तिनं तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आजी, मी इथेच बुडले होते ना?"

"हो," प्रभाताई म्हणाल्या. "म्हणून आता बस."

मित्रांनो, मी जुनी आहे, मला रंग लावा, पुदिना लावा, हरकत नाही. पण ज्या गोष्टीवर तुमचं माणूस बसणार आहे, तिच्या पोटात काय भरलंय ते एकदा विचारा. कागदाला विचारू नका, पाण्याला विचारा. आणि ते काठाशीच विचारा. चारचौघांत लाज वाटेल. वाटू द्या.