मला तेल लावलंत कशाला?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी माळ आहे. शोभेची वस्तू नाही! हे आधीच सांगते, कारण मध्यंतरी मला शोभेची करून टाकलं होतं, आणि तो राग अजून माझ्या मण्यामण्यात आहे.

माझा जन्म नॉर्वेत, वॉसच्या डोंगरउतारावरच्या एका शेतघरात झाला. माझा मालक आस्लाक, त्याच्या आजोबांनी भूर्जाच्या लाकडाचे छोटे तुकडे कोरून एकमेकांत अडकवले. ना खिळा, ना दोरी. तुमच्याकडे दह्याला विरजण लागतं, तसं बिअरला यीस्ट लागतं, आणि ते सांभाळणं हे माझं काम. बिअर फसफसून वर आली की मला त्या फेसात बुडवायचं आणि खुंटीला टांगून वाळवायचं. यीस्ट माझ्या खाचाखोचांत झोपी जातं. पुढच्या वेळी सातूच्या कोमट गोड रसात सोडलं की जागं होतं. माझ्यावरचे पिवळट पापुद्रे पाहून परके लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ती घाण नाही, तो माझा संसार आहे.

आस्लाकने आयुष्यभर माझ्या जिवावर बिअर केली. सातूला मोड आणून तो लाकडाच्या धुरावर वाळवायचा, म्हणून त्याची बिअर काळसर आणि धुरकट व्हायची. एका वर्षी शेजारच्या तारालचं यीस्ट नासलं. कोणी यीस्ट मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हा इथला रिवाज. आस्लाकने मला त्याच्या घरी धाडलं, तारालने आपली माळ माझ्या यीस्टने चढलेल्या फेसात बुडवून घेतली. पण हा पठ्ठ्या फिकी, गोडसर बिअर करू लागला, आणि एका नाताळात चारचौघांत म्हणाला, "आस्लाक, ही बिअर आहे की धुराड्यातली काजळी?"

झालं! दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडणं सोडलं. दोघांच्याही बिअरला संत्र्याच्या सालीचा वास यायचा, तो माझा होता. पण मला विचारतो कोण?

गेल्या वसंतात आस्लाक वारला. त्याचा मुलगा ऐविन बर्गन शहरात बिअरचं दुकान चालवतो. तिथे भिंतभर तोट्या आहेत. कुठली बिअर आंबट, कुठली कडू, कुठली कॉफीसारखी काळी. पोराच्या हाताला चव आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याने बापाची आठवण म्हणून मला नेलं, ब्रशने घासलं, आणि लाकूड तडकू नये म्हणून जवसाच्या तेलात बुचकळून काढलं! तेलात, मित्रांनो! मग काउंटरच्या वर टांगलं. गिऱ्हाइकं माना वर करून म्हणायची, "अय्या, किती सुंदर!" आस्लाकच्या घरी मला कोणी कधी सुंदर म्हटलं नव्हतं, आणि माझं काही अडलंही नव्हतं. इथे आत माझं बिऱ्हाड घुसमटून मेलं, आणि वर कौतुक चाललं होतं.

नाताळ जवळ आला. आस्लाकची बायको गुन्वोर हट्टाला पेटली. "त्याच्याशिवायचा पहिला नाताळ आहे," तिने ऐविनला फोनवर बजावलं. "टेबलावर त्याची बिअर हवी म्हणजे हवी. माळ घेऊन ये."

ऐविन मला घेऊन शेतघरी आला तेव्हा रस तयार होता. मला पाहताच तिचे हात थबकले. "ही अशी चमकतेय का रे?"

"थोडं तेल लावलंय, आई. खराब होऊ नये म्हणून."

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तरी वेड्या आशेने तिने मला रसात सोडलं. अशा वेळी जोरात आरोळी ठोकायची असते, म्हणजे यीस्ट चवताळून उठतं. ऐविन ओरडला.

"तुझ्या बापाची आरोळी खाली तळ्यापर्यंत जायची," गुन्वोर म्हणाली. "तू काय शिंकलास?"

संध्याकाळ झाली तरी रसावर एक बुडबुडा नाही. शेवटी तिने स्वतःच छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकली. शेवटाला आवाज चिरकला. मी तळाशी मुडद्यासारखी पडून होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका संतापही.

"आई, गाडीत पाकिटातलं यीस्ट आहे. चांगलं आहे."

"त्याने बिअर होईल रे. तुझ्या बापाची नाही होणार."

तेवढ्यात दार वाजलं. बर्फाने पांढरा झालेला ताराल आत आला. "वहिनी, आरोळी एकदाच ठोकतात. दुसरी ऐकली आणि कळलं, काहीतरी बिनसलंय." त्याने कोटाखालून स्वतःची माळ काढली. मळकट, पापुद्र्यांनी भरलेली.

"मी मागितलं नव्हतं," गुन्वोर म्हणाली.

"आस्लाकनंही मागितलं नसतं, आणि मीही आणलं नसतं. दोघंही गाढव. घ्या, हे त्याचंच आहे. मी नुसतं सांभाळलं."

ती माळ माझ्या शेजारी रसात उतरली. आधी मी जळफळले. मग संत्र्याचा वास आला, आणि मला माझी पिलावळ ओळखू आली. सकाळी फेस काठावर चढला होता.

नाताळाच्या टेबलावर आस्लाकच्या रिकाम्या खुर्चीसमोर भरलेला मग होता. गुन्वोरने घोट घेतला आणि डोळे पुसले. तारालने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अजून काजळीच आहे," तो म्हणाला, आणि पेला संपवून पुन्हा पुढे केला.

गुन्वोरने मला राखेच्या पाण्यात उकळून माझ्यावरचं तेल काढलं, आणि पुढच्या बिअरच्या फेसात बुडवलं. मित्रांनो, घरात जे कामाचं आहे ते कामाला लावा. त्याला मढवून भिंतीवर टांगू नका. आणि त्यातलं थोडं शेजारी देऊन ठेवा, मग तो शेजारी तुमच्या बिअरला काजळी का म्हणेना!

आता मी जुन्या खुंटीवर आहे. ओली, चिकट, ठिबकणारी. काल ऐविन फडकं घेऊन आला. "आई, खाली सगळं गळतंय. पुसू का हिला?"

"हात तर लावून बघ!"