बगीच्यापुढची मोजणी

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष दत्तराव, त्यांना सत्काराचं लय वेड. कुणी कॉलनीत नुसता पत्ता विचारायला आला तरी हा माणूस शाल शोधायला पळतो. एरवी मला हसू यायचं. त्या मंगळवारी मात्र त्यांचा गळा धरावा वाटला, खोटं कशाला बोलू.

आमची कॉलनी आन् समोरचा बगीचा, मधी रस्ता. बगीच्याच्या फाटकातनं बाहेर पडलं की पाय सरळ डांबरावर. फुटपाथ न्हाई, गतिरोधक न्हाई. बाहेरच्या मोठ्या रस्त्याचं काम निघालं तवापास्नं चारठाण्याकडं जाणारे खडीचे टिप्पर सगळे इकडूनच पळायलेत. बगीचा झाडणाऱ्या सरजाबाईला एकानं फाटकापुढंच उडवलं, बिचारीचा खुबा मोडला. मग तिची सून धम्मशीला आन् मी, दोघींनी मिळून सात निवेदनं दिली. आठव्या खेपेला परभणीहून कागद आला. मंगळवारी चार ते पाच इंजिनियर येऊन गाड्या मोजणार, तासाभरात चाळीस अवजड गाड्या गेल्या तर गतिरोधक मंजूर.

चाळीस? अहो, मी खिडकीत बसून मोजल्यात, साठाच्या खाली एक दिवस न्हाई!

मला एवढी तगमग कशाची, तर आमच्या ह्यांची. शिवमूर्ती नाव. दोन वर्षांखाली लकव्याचा झटका आला आन् तेव्हापास्नं ह्यांना डाव्या अंगाचं दिसत न्हाई. ताटात डावीकडं वाढलेली भाजी तशीच राहते. डॉक्टरनी बजावलं, रोज चालवा, चालणं सुटलं की अंथरूण धरतील. चालायला बगीच्याशिवाय जागा कुठली? आन् टिप्पर नेमके डावीकडूनच येतेत. रोज पाच वाजता मी ह्यांचा दंड धरायची, दोन्हीकडं मीच बघायची आन् जीव मुठीत घेऊन पलीकडं न्यायची.

त्या दिवशी निघताना ह्यांना म्हणले, "मी येईपर्यंत उंबरा ओलांडायचा न्हाई."

"बरं सरकार," म्हणले. ह्यांची थट्टा काई लकव्यानं गेली न्हाई.

रस्त्यावर आले आन् बघतच राहिले. रस्ता झाडलेला, पाणी मारलेलं, रस्त्याच्या आमच्या कडेला मांडव. खुर्च्या, सतरंज्या, हार. आन् टिप्पर एक बी न्हाई. मी विचारलं तर दत्तराव हसून म्हणले, "वळणावर दोर बांधलाय. ड्रायव्हर लोकांना चहा पाजलाय. पाहुण्यांच्या तोंडात धूळ जाऊ द्यायची का वहिनी?"

"अहो, ती धूळच बघायला येणार हायेत ते!"

"सत्कार होऊ द्या, मग सोडू. पाच मिनिटांचं काम."

तेवढ्यात गाडी आली. इंजिनियर म्हणजे पंचविशीतली पोरगी निघाली, भक्ती मॅडम. ती सारखी म्हणायली, "सत्कार नको, मला मोजणी करायचीय." पण ऐकतंय कोण? शाल झाली, नारळ झाला, डोक्यावर फेटा चढला. मग कॉलनीतला रंगनाथ प्रास्ताविकाला उभा राहिला. मग दत्तराव उभे राहिले ते थेट कॉलनीच्या पहिल्या प्लॉटपासून सुरू झाले. पोरगी मान हलवीत ऐकायली, पण मांडीवरच्या कागदावर तिची पेन्सिल चालूच. मी वाकून बघितलं. तीन सायकली, पाच मोटारसायकली. अवजड गाड्यांचा रकाना कोरा.

मी विचारलं, "मॅडम, मोजायला सुरुवात केली?"

"चारलाच केली, काकू. वेळ मला बदलता येत नाही."

"अहो, टिप्पर पलीकडं अडवून ठेवलेत!"

"उभी गाडी मोजता येत नाही. समोरून जाईल तेवढीच लिहायची. आणि परत मोजणी वर्षभर होणार नाही."

वर्षभर! घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं. मी उभी राहिले, म्हणले, "दत्तराव, पुरे करा! दोर सोडा!" ते हात जोडून म्हणले, "वहिनी, मधी बोलायचं न्हाई, शेवटाकडं आलोय." शेवट कुठला डोंबलाचा! अजून मारुतीच्या पाराचा इतिहास राहिला होता. मी शेजारी बसलेल्या धम्मशीलेचा हात धरला आन् दोघी वळणाकडं पळालो. साठीतलं माझं धावणं बघून लोक हसायले. हसू द्या.

वळणावर टिप्परची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत. ड्रायव्हर तापलेले, इंजिनं घरघरायलेली. लिंबाच्या झाडाला दोराची गाठ अशी आवळलेली की माझी नखं तुटली. शेवटी धम्मशीलेनं दात लावले तवा गाठ सुटली. पहिला ड्रायव्हर शंका घेऊन म्हणला, "मावशी, हळू जाऊ का? पुढं कार्यक्रम हाय."

हळू गेला तर मॅडमला काय दिसणार? मी बोंबलले, "हळू कशाला? रोज जाता तसं जा! पळव!"

तो सुटला. त्याच्या मागं दुसरा, तिसरा. धुळीचा लोट उठला आन् खरं सांगते, मला आनंद झाला. मोज म्हणलं, पोरी, मोज आता!

मग धुळीतनं मला पांढरं धोतर दिसलं.

हे कॉलनीच्या तोंडाशी उभे होते. हातात काठी. उजवीकडं बघितलं, नीट बघितलं, आन् पाऊल रस्त्यावर टाकलं. मी किंचाळले. हात हलवले. पण मी ह्यांच्या डावीकडं. टिप्पर बी डावीकडं. मी ह्यांना दिसणार कशी?

मांडवातनं ती फेटेवाली पोरगी सुटली ती वाऱ्यासारखी. ह्यांच्या सदऱ्याला धरून तिनं मागं ओढलं, दोघं जमिनीवर आपटले. ब्रेकचा आवाज अजून माझ्या कानात हाय. टिप्पर थांबला तवा चाकाखाली काठीचे तुकडे होते.

दत्तरावांचं भाषण तवा कुठं थांबलं.

मोजणीत अकराच गाड्या भरल्या. पण पोरीनं कागद उलटा केला आन् मागं स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलं ते सगळं लिहिलं. महिन्यात दोन गतिरोधक झाले, पिवळे पट्टे मारून. दत्तरावांनी माझा सत्कार ठेवला होता. मी शाल त्यांच्या अंगावर फेकून आले.

काल पाच वाजता ह्यांचा दंड धरला. म्हणले, "चला, आता भ्यायचं कारण न्हाई." हे काई उठले न्हाईत. त्या दिवसापास्नं महिनाभर उंबऱ्याबाहेर पाय न्हाई. पाय जड व्हायलेत, दिसायलंय मला. मला राग आला. "सांगितलं होतं ना उंबरा ओलांडू नका म्हणून? का आला होता त्या दिवशी?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई.

"तुझा आवाज आला, उमा. म्हणलं, तू रस्त्यावर हायेस, म्हणजे जायला हरकत न्हाई."

मी तिथंच खाली बसले. मी बोंबलले होते ते टिप्पर पळवायला.