हात आबांचे, तोंड आजीचं

"तोंड धडधाकट असताना हात कशाला नाचवायचे?" हा आजीचा पहिला सवाल. आणि आजीचा सवाल हा सवाल कधी नसतोच, तो निकाल असतो.

सून स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. समोर उंच खुर्चीत तिची लेक, नुकती रांगायला लागलेली. लेकीचं नाव चांगलं मोठं, निवडून ठेवलेलं होतं, पण गालांकडे बघून सगळे तिला ढबू म्हणायचे. सून एका हाताची मूठ उघडत-मिटत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दूध. ढबूला दूध हवं? दूध." ढबू त्या मुठीकडे टकामका बघत लाळ गाळत होती.

"त्या मुठीत तिला गाय दिसतेय होय?" आजी म्हणाली.

सून हसली. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना 'श्वास घ्या, धरा, हलू नका' असं सांगून सांगून तिच्या अंगात असा काही धीर मुरला होता, की आजीसुद्धा तिच्याशी भांडताना दमायची. तिच्या कामावरच्या एका मैत्रिणीचे आईवडील जन्मापासून बहिरे. त्यांची भाषा हातांची, आणि आपल्या भाषेइतकीच भरलेली, थट्टामस्करीसकट. त्या घरातली बाळं बोलायच्या कितीतरी आधी हातांनी दूध मागायची, 'आणखी' म्हणायची, कुठे दुखतंय ते दाखवायची. ते बघून सुनेने मैत्रिणीकडून काही सोप्या खुणा शिकून घेतल्या होत्या.

"आई, जीभ वळायला वेळ लागतो, हात आधी वळतात," ती म्हणाली. "तोवर हिने सगळं रडूनच का सांगायचं?"

"आमची पोरं रडूनच मोठी झाली. काही बिघडलं का त्यांचं?" मग आजीचा आवाज खाली आला. "आणि हिला हातांचीच सवय लागली, बोललीच नाही, तर?"

खरी भीती ही होती. कारण त्या घरात एक न बोलणारं माणूस आधीच होतं, आणि ते आत्ता बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसलेलं होतं.

आबा, म्हणजे आजीचा नवरा. जन्मभर घाऊक बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. आवाज असा, की फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्याला आत टोमॅटोचा भाव काय फुटला ते कळावं. ढबू जन्मायच्या आदल्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली. जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, श्वास तिथून, वर पातळ जाळीचं फडकं. ज्या माणसाच्या हाकेने बाजार उघडायचा, त्याच्या हातात पाटी आणि खडू आला.

मोठ्यांचं त्यावर भागत होतं. आबा लिहायचे, आजी चष्मा शोधायची, चष्मा सापडेपर्यंत आबा चिडून पुसून टाकायचे. पण कसंबसं भागायचं. ढबूचं काय? ढबूला पाटी म्हणजे चाटायची वस्तू. दवाखान्याने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून भुंग्यासारखा घरघराट यायचा. आबांनी एकदा नातीला त्यातून हाक मारली. ढबूने जो टाहो फोडला, तो शेजारी विचारायला आले तरी थांबेना. आबांनी यंत्र खणात टाकलं ते टाकलंच. त्या दिवसापासून ढबू जागी असली की ते खिडकीतल्या खुर्चीत अंग चोरून बसायचे. ती त्या खोलीत रांगत आली, की आजीच्या पायांना मिठी मारून तोंड लपवायची.

आजीच्या काळजाचं पाणी व्हायचं. तोंडाने मात्र ती म्हणायची, "काय हो, शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखे कोपऱ्यात काय बसता?" प्रेम करायची तिची तीच रीत.

मग एका सकाळी ढबूने मूठ उघडली आणि मिटली. एकदा नाही, सारखी. आईकडे बघत, भुवया उंचावून, दुकानदाराला विचारावं तशी. सून किंचाळली, "दूध! दूध म्हणाली!" आजीचा मुलगा अर्धी दाढी केलेला धावत आला. आजी म्हणाली, "योगायोग आहे," आणि तीन वेळा खात्री करून घेतली. या सगळ्या गोंधळात आबा दारात येऊन उभे राहिलेले कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी ते पाटी घेऊन सुनेसमोर आले. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मला शिकव.'

सुनेचे डोळे भरून आले. पण ती भरल्या डोळ्यांनीसुद्धा नियम सांगणारी बाई. "बाबा, एक अडचण आहे. बाळाने खूण बघता बघता शब्द ऐकला पाहिजे. नुसता हात नाही चालायचा. हात आणि तोंड बरोबर चाललं, तरच पुढे ती बोलेल."

आबांनी विचार केला. मग खडू खाली ठेवला आणि बोट केलं आजीकडे.

"मी? वा रे वा! मी काय यांची बोलकी बाहुली?" आजी कडाडली. "चाळीस वर्षं मला तोंड उघडू दिलं नाही या माणसाने, आणि आता म्हणे माझं तोंड वापरणार!" हे धादांत खोटं होतं, कारण त्या घरात आजीचं तोंड बंद करायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण संध्याकाळी ती स्वतःच स्टूल ओढून आबांच्या खुर्चीला खेटून बसली.

सुरुवातीला काय ती फजिती! आबांचा हात लिलावाचा, विजेसारखा. 'पाणी' करून 'आणखी' करून मोकळे, तोवर आजी 'पा'वरच. कधी ते 'केळं' दाखवायचे आणि आजी समोरचा कप बघून 'दूध' म्हणायची. ढबू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे. "हळू हो! भाव चढतोय का कुठे?" आजी ओरडायची. आबा कपाळावर हात मारून घ्यायचे, आणि ढबूने तो कपाळावरचा हात मात्र लगेच उचलला. कित्येक दिवस ती आजीकडे बघून कपाळावर हात मारायची.

हळूहळू जमलं. जमण्याचं कारण असं, की आजीला सगळा वेळ आबांच्या हातांकडे बघावं लागायचं. इतकी वर्षं त्या हातांना तिने डबा दिला, पट्टी बांधली, पण असं टक लावून बघितलं होतं कधी? बोट उठायच्या आधी मनगटात जरासं हलतं, हे तिला कळायला लागलं. त्या हलण्यावर ती शब्द सोडायची. हात आणि शब्द बरोब्बर एकत्र पडायचे. सून दारात उभी राहून बघायची आणि नवऱ्याला हळूच सांगायची, "मला एकटीला नाही जमत इतकं सुरेख." आजीला ते ऐकू यायचं. ती ऐकू न आल्यासारखं करायची आणि पाठ ताठ करून बसायची.

एक घोळ मात्र झालाच. सुनेने 'संपलं'ची खूण शिकवली होती, दोन्ही पंजे फिरवायची. आबांच्या हाताला ती काही केल्या वळेना. जन्मभर त्यांच्या लेखी संपलं म्हणजे माल विकला गेला. पंजा फळीवर, एक वार, दोन वार, तीन वार! आणि आजीही सवयीने ठणकावून मोजायची. परिणाम काय? ढबूने एक दिवस भात संपवला, पंजा टेबलावर तीनदा दाणकन आपटला, आणि ताट ढकललं. पाहुणे आलेले होते. सूनबाई आधी लाल झाली, मग पोट धरून हसली. "राहू दे हेच. घरात सगळ्यांना कळलं म्हणजे झालं." अशी ती सून. आजीने मनातल्या मनात त्या पोरीला दहात दहा देऊन टाकले. तोंडावर काही म्हणाली नाही, तिला सवय लागली असती.

आणि मग ती दुपार आली. आबा खिडकीपाशी, आजी स्टुलावर मटार सोलत. ढबू भिंत धरून धरून चालत आली. आजीच्या पायांपाशी थांबली नाही, पुढे गेली. आबांच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली, वर बघितलं आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली. आणखी. आबांजवळ काही खाऊ नव्हता. आणखी कशाचं? आबांनी हात पसरून विचारलं. ढबूने त्यांचा हात धरला आणि हलवला. तिला हात आणखी हवे होते, बोलणारे.

आबांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. गळ्यावरचं फडकं तिच्या गालाला लागत होतं. तिने तोंड लपवलं नाही. आजी मटार सोलतच राहिली, दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत.

असं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललेलं असताना ढबू बोलायला लागली.

आजीने ज्याची वाट बघितली होती तेच. आधी 'आई', मग 'दूद', मग धबधबा. आजीने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, फोन करून बहिणीला सांगितलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ढबू आता आईला मूठ दाखवत नाही. सरळ 'दूद दे' म्हणते.

"खुणा गेल्या का गं हिच्या?" तिने सुनेला विचारलं, सहज विचारल्यासारखं.

सुनेने हातातलं काम बाजूला ठेवलं. ती खोटं बोलणारी नव्हती. "जातात, आई. तोंड चालायला लागलं की मुलं हात सोडून देतात. तसंच व्हायचं असतं."

तसंच व्हायचं असतं! आजी त्या रात्री तळमळत राहिली. काय मागितलं होतं देवाकडे आपण? पोरगी बोलू दे म्हणून मागितलं. ती बोलली. आता हातांना कोण विचारतो? परत खुर्ची, परत खिडकी, परत पाटी. शेजारी आबा जागेच होते. दोघांनीही एकमेकांपुढे झोप लागल्याचं नाटक केलं.

पुढच्या दिवसांत आबा मुकाट्याने नव्या खुणा शिकत होते, पाऊस, ससा, जोडे. ढबू बघायची, पण घाईत. एकदा त्यांनी 'ससा' दाखवला. "शशा!" म्हणून ओरडत ती पळत सुटली आईकडे, पाठ फिरवून. आबांचे दोन बोटांचे कान तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवले. आजीने ते बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने घासलेली भांडी परत घासली, आणि एकेक असं आपटलं की शेजारी समजले भांडण चालू आहे. भांडायला होतं कोण?

सुटीचा दिवस होता. मुलगा आणि सून बाजारात गेले होते. आजी ओट्यापाशी, दाराकडे पाठ, कांदा चिरत होती. मागून कुणीतरी तिचा पदर ओढला.

"आजी. आबा म्हनतात, चहा."

आजीची सुरी थांबली. "कोण म्हणतं?"

ढबूने तिच्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का. "आबा! आबा म्हनतात, चहा. साखर."

आता हे सांगायलाच हवं. चाळीस वर्षं या दोघांचा संसार झाला तो मधल्या भिंतीआडून. ते बाहेरून हाक मारायचे, ती आतून झाडायची. समोरासमोर बसून गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. भिंतीआडून सगळं जमलं, भांडणं, मुलाचं लग्न, आजीच्या आईच्या मरणाची बातमी. ऑपरेशन झालं आणि त्या बाजूची भिंत मुकी झाली. काही हवं असलं की ते पाटी घेऊन दारात येऊन उभे राहायचे, तिने मान वर करेपर्यंत. त्यानंतर आज पहिल्यांदा, तिची पाठ असताना, त्यांचा शब्द आत आला.

"साखर मिळणार नाही!" आजी भिंतीकडे तोंड करून ओरडली. सवयीने, जुन्या पट्टीत. "डॉक्टरांनी बंद केलीय, सांगून ठेवते!"

ढबू धावत गेली. धावत परत आली, गाल लाल.

"आबा म्हनतात, नको. जा."

"जा? जा म्हणे! कुठे जाऊ या वयात?" आजीचा आवाज मध्येच फुटला. कांद्याचा बहाणा होता, म्हणून बरं. ती खाली बसली, ढबूच्या दंडांना धरून म्हणाली, "सांग जा त्यांना. म्हणावं, आजी कुठेही जात नाही."

ढबू गेली. आजी कांदा तसाच टाकून दाराआड उभी राहिली.

आबांचे कान ठणठणीत होते. भिंतीपलीकडचा शब्दन् शब्द त्यांनी ऐकला होता. ढबूला बोलता येत होतं, दोन शब्दांत सांगून मोकळी झाली असती. पण ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिने तोंड मिटलं. आईशी बोलायचं तोंडाने, आबांशी बोलायचं हातांनी, हे तिचं ठरलेलं होतं, आणि कुणी तिला विचारलंच नव्हतं. तिने छोटे हात वर केले. आधी आजी. मग जाणं. मग जोरजोरात, बोटं विस्कटून जाईपर्यंत, नाही, नाही, नाही.

आबा एकदाही हलले नाहीत. तिचं पुरतं सांगून होईपर्यंत ऐकत राहिले.