गावदेवीचा धोंडा माझ्या नावाला फुटला

गावदेवीपुढच्या काळ्या धोंड्यावर सकाळपासून होम पेटला होता आणि पार गडबपासून माणसं बघायला आली होती. गुणाजीचा पोरगा विठू गेला, त्याला कुणी चेटूक करून खाल्लं ते आज देवी सांगणार होती. देवीच्या वतीनं बोलणार अर्थात काळुराम भगत. दुपारी त्यानं निखारे बाजूला ओढले, राख झाडली आणि गावातल्या एकेका बाईचं नाव घेत दूर्वांनी धोंड्यावर चार थेंब शिंपडायला लागला. धोंडा गप्प. "देवी तोलतेय, देवी तोलतेय," भगत डोळे फिरवून सांगायचा. जणू देवीनं वाण्याचं दुकानच मांडलं होतं.

"केरूची बायको, सरू," असं म्हणून त्यानं अख्खी घागर पालथी केली. धाडकन आवाज झाला आणि धोंडा दुभंगला.

सरू म्हणजे मीच.

माझा गुन्हा ऐका. विठूला कावीळ झाली तेव्हा भगतानं त्याच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरली, म्हणे. मी गुणाजीला म्हटलं, "दादा, पोराला पेनला डॉक्टरकडं न्या." नेलं नाही. पोर गेलं, आणि भगताला आता कुणीतरी भुताळी हवीच होती, नाहीतर लोकांनी त्यालाच धरलं असतं.

सरपंच हैबतराव म्हणाले, "सरू, पुनवेच्या आत गाव सोड. आमचा विलाज नाय."

घरी नवरा भांडी बांधायला लागला. "देवीशी कोन भांडनार गो?"

"देवीशी नाय, भगताशी भांडनार," मी म्हटलं. अंगाची नुसती लाही लाही होत होती.

दुसऱ्या दिवशी शेतात राब भाजायला गेले. भाताची रोपं जिथं टाकायची तिथं आम्ही आधी पालापाचोळा जाळतो, तो राब. जाळ शेजारच्या पेंढ्याकडं सरकला म्हणून मी कळशी ओतली, तर बांधाचा दगड फाटकन फुटला. मी तिथंच खाली बसले आणि हसत सुटले. राबातले दगड दर साल फुटतात, पोरासोरांना ठाऊक आहे. तेव्हा कुणी कुणाचं नाव घेत नाही, एवढंच.

तशीच हैबतरावांकडं गेले. "भाऊ, बायांची नावं झाली, आता बाप्यांची घ्या. धोंडा फुटला नाय तर मी आपनहून जाते. जाळ मी घालनार, घागर तुम्ही वतनार. आनि सुरुवात भगतापासून."

गाव पुन्हा जमलं. दुसऱ्या धोंड्यावर मी हात आखडता न घेता लाकडं रचली. भगताला घाम फुटला होता, आणि तो बसला होता जाळापासून लांब. हैबतरावांनी नाव घेतलं, "काळुराम भगत," आणि घागर पालथी केली. धोंड्याचे दोन तुकडे झाले.

"सांगा आता," मी म्हटलं, "विठूला कुनी खाल्लं?"

भगत ताडकन उठला. "ह्ये थोतांड हाय! तापल्या दगडावर गार पानी वतलं तर तो फुटनारच!"

"जरा मोठ्यानं बोला. गुणाजीदादाला ऐकू गेलं नाय."

मी त्याला ते पुन्हा बोलायला लावलं, आणि आणखी एकदा. मला दया आली नाही, आजही येत नाही. विठूची आई मालू पुढं आली आणि तिनं भगताच्या गळ्यातल्या माळा एकेक करून तोडल्या. तो रोह्याच्या एसटीत बसला तेव्हा पोचवायला कुणी गेलं नाही.

अहो, दगड तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. वर गार, आत गरम, असं एकदम झालं की तडकतो. डोंगरावर उन्हाळा आणि पाऊस हेच काम सावकाश करतात, भेगेत पाणी शिरतं आणि कातळ भुसभुशीत होतो. त्याला पिढ्या लागतात. भगतानं ते एका दुपारी उरकलं. पुन्हा कुणी असा दगड फोडून दाखवला तर आधी त्याला विचारा, एवढा तापवला कशाला? आणि पोराचे डोळे पिवळे दिसले तर कुणालाच विचारत बसू नका, डॉक्टर गाठा. मी गावात राहिले. विठू राहू शकला असता.